टोपाखालचं वय

वाचक विचारतात : रंगमंच

स्पर्धांच्या तालमी सुरू झाल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत म्हातारी पात्रं हटकून असतात. विशीतल्या मुलांना सत्तरीच्या भूमिका करायच्या असतात. त्यात हल्ली बऱ्याच संहितांमध्ये त्या सत्तरीच्या माणसाला गेलेली बायको दिसत असते, नाहीतर विकलेलं घर दिसत असतं. म्हणजे नटाचं वय खोटं, पात्राला दिसतं तेही खोटं, आणि प्रेक्षकाला दोन्ही पटायला हवं. या महिन्यात त्याच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : २४ वर्षांच्या मुलाला ७२ वर्षांचे निवृत्त मास्तर करायचे आहेत. रंगभूषाकार फक्त रंगीत तालमीला आणि प्रयोगाला येणार. तोवर आमचा आम्ही मेकअप करून पाहायचा आहे. सुरुवात कुठून करावी? (सांगली)

आरशापासून. मुलाला आरशासमोर बसवा. भुवया वर चढवायला सांगा, मग डोळे किलकिले करायला, मग ओठ घट्ट मिटायला, मग हनुवटी गळ्याला टेकवायला. ज्या घड्या पडतील त्या त्याच्या स्वतःच्या आहेत, उतारवयात त्याच खोल होणार आहेत. तिथेच ब्राऊन पेन्सिलीने बारीक खुणा करा. कुणाच्या तरी आजोबांचा फोटो पाहून त्या सुरकुत्या याच्या चेहऱ्यावर काढल्या, तर तो बोलायला लागला की कातडी एकीकडे दुमडते आणि रेघ दुसरीकडे राहते. हौशी मेकअप बहुतेक वेळा इथेच फसतो.

दाढी करून, चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा झाल्यावर बेस लावा. त्याच्या रंगापेक्षा एक छटा फिका, किंचित पिवळट, आणि थर अगदी पातळ. जाड थराने चेहरा बाहुलीसारखा गुळगुळीत होतो, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट. छटा क्रीमच्या असतील तर बेसही क्रीमचाच घ्या. सुकलेल्या पॅनकेकवर (पाण्याने लावायच्या बेसवर) क्रीमची रेघ पसरत नाही, तिचा डाग पडतो.

छायेसाठी ब्राऊनमध्ये थोडा मरून मिसळा. काळा रंग नको, तो दिव्याखाली काजळीसारखा दिसतो. जागा ठरलेल्या आहेत : दोन्ही कानशिलं, डोळ्यांच्या खोबणीचा नाकाकडचा कोपरा, नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी, गालफडाखालचा खळगा आणि हनुवटीच्या दोन्ही बाजू, जिथे उतारवयात मांस सैल पडतं. आता महत्त्वाचं. सुरकुती ही रेघ नसते, ती छोटीशी पायरी असते. वरच्या फुगवट्यावर उजेड पडतो आणि खाली सावली. म्हणून प्रत्येक घडीला दोन रंग लागतात. गडद रेघ एक-दोन मिलिमीटरची, एक कड धारदार ठेवून दुसरी ब्रशने विरवलेली, आणि तिला लागून फुगवट्यावर क्रीम रंगाचा फिका पट्टा. नुसती गडद रेघ पहिल्या रांगेतून चिखल लागल्यासारखी दिसते आणि पंधराव्या रांगेतून दिसतच नाही. शेवटी पावडर पफने दाबून लावा. घासलीत तर तासाभराची मेहनत पुसली जाईल.

मग मान, कान आणि हातांची पाठ. हातावर बोटांच्या शिरांमधल्या खोबणीत छाया आणि शिरांवर फिका रंग, एवढं पुरतं. चेहरा ७२ चा आणि मनगटं २४ ची, ही चूक प्रेक्षक लगेच पकडतो, कारण मास्तर खडू धरतात, चष्मा पुसतात, आणि नजर हातावरच जाते.

केसांना टाल्कम पावडर लावू नका. कुणी डोक्यावरून हात फिरवला की धूर उडतो आणि गंभीर प्रसंगात हशा पिकतो. पाण्यात विरघळणारा पांढरा रंग मऊ टूथब्रशने लावा, आधी कानशिलांवर, मग कपाळाच्या कडेला, टाळूवर सगळ्यात कमी. निव्वळ पांढरा थंड प्रकाशात निळसर मारतो, त्यात किंचित पिवळा हवा. भुवयांना उलट्या दिशेने ब्रश मारला की केस उभे राहतात आणि रंग टोकांनाच लागतो. टोप वापरणार असाल तर कपाळावरची कड बेसच्याच रंगाने झाका, नाहीतर बाजूच्या दिव्यात ती पट्टीसारखी उठून दिसते. मिशीसाठी स्पिरिट गम (कातडीला केस चिकटवायचा डिंक) लावल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा, बोटाला चिकट लागला की मगच क्रेप (मिशीचे नकली केस) बसवा. ओल्या गमावर बसवलेली मिशी दुसऱ्या अंकात घामाने सुटते.

लेटेक्सच्या (द्रव रबराच्या) सुरकुत्यांचा मोह अनेकांना होतो. मोठ्या नाट्यगृहात त्याची गरज नसते. छोट्या जागेत, पहिली रांग पाच फुटांवर असेल, तरच विचार करा, आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास बघा. लाली किंवा खाज आली तर विषय बंद. भुवया आणि दाढी-मिशीच्या केसांवर लेटेक्स कधीही लागू देऊ नका.

तपासणी रंगपटातल्या ट्यूबलाइटखाली करू नका. प्रयोगाचे दिवे लावून पाचव्या आणि पंधराव्या रांगेतून दोघांनी पाहावं. मोबाइलच्या फोटोवर भरवसा नको, कॅमेरा रंग आपोआप दुरुस्त करतो. दिव्यापुढे अंबर जिलेटीन (पिवळसर-नारिंगी पारदर्शक कागद) असेल तर ब्राऊन छाया अर्धी खाऊन टाकेल, तेव्हा मरूनचं प्रमाण वाढवा.

प्रश्न : आमचा नट काठी घेतो, पाठ वाकवतो, हात थरथरवतो, आवाज कापरा काढतो. तरी परीक्षकांनी 'वार्धक्य नकली' असा शेरा दिला. काय चुकतंय? (अकोला)

सगळं एकदम करतोय, हेच चुकतंय. खऱ्या म्हाताऱ्या माणसाला एक-दोन तक्रारी असतात आणि तो दिवसभर त्या लपवत असतो. तुमचा नट म्हातारपण दाखवतोय. म्हातारा माणूस ते झाकत असतो. तालमीत नटाला सांगा, 'तुला डावा गुडघा दुखतो आणि ते सुनेला कळू द्यायचं नाही.' अर्धं काम तिथेच होईल.

खुर्चीचा व्यायाम रोज दहा मिनिटं घ्या. उठताना क्रम असा : आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकायचं, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यायचे, हात मांडीवर किंवा दांडीवर, छाती पुढे झुकवून नाक पायाच्या बोटांच्या वर आणायचं, आणि मग उठायचं. उठल्यावर क्षणभर थांबायचं, तोल आला की पाऊल. बसताना आधी पोटरीला किंवा हाताला खुर्ची लागल्याची खात्री, मग बसणं. तरुण नट हा क्रम गाळतो. मांडीच्या ताकदीवर सरळ उठतो आणि उठल्यावर पाठ वाकवतो. परीक्षकाला नेमकं काय खटकलं हे कदाचित सांगता येणार नाही, पण खटकतं ते हेच.

चालताना पाऊल आखूड, दोन पायांतलं अंतर थोडं जास्त, आणि दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ जास्त. पाठ कमरेतून वाकवू नका, तसं वाकून दोन अंक केले तर नटाची कंबर धरेल आणि आवाजही दबेल. वाक मानेच्या मुळाशी आणि खांद्यात ठेवा. कुणी मागून हाक मारली तर नुसती मान वळत नाही, खांद्यांसकट वळावं लागतं.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उंची मोजायची ती प्रयोगाच्या चपला घालून, हात सैल सोडून, मनगटाच्या घडीपर्यंत. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे पडतात. टोकाला रबर हवंच. लाकडी लेव्हलवर (रंगमंचावरच्या चौथऱ्यावर) रबराशिवाय काठी घसरते आणि तिचा ठोका माइकमध्ये शेजारच्याचं वाक्य गिळतो.

थरथर हवी असेल तर कोणती ते ठरवा. कंपवातातला हात स्वस्थ असताना थरथरतो आणि काही करायला घेतलं की पुष्कळदा कमी होतो. दुसऱ्या प्रकारचा कंप उलटा असतो : हात मांडीवर शांत, कप ओठाशी नेला की चहा सांडतो. दोन्हींची मिसळ केली की प्रेक्षागृहात बसलेल्या, घरी असं माणूस असलेल्या प्रत्येकाला ते खोटं वाटतं.

आवाज कापरा करू नका, श्वास आखूड करा. एका श्वासात पाच-सात शब्द, आणि श्वास तुटण्याची जागा विरामचिन्हावर नको, वाक्याच्या अधेमधे. पुरुषांचा आवाज वयाबरोबर थोडा पातळ होत चढतो, बायकांचा उतरतो. व्यंजनं मात्र लखलखीत ठेवा, म्हणजे शेवटच्या रांगेला प्रत्येक शब्द कळेल. ऐकू कमी येत असेल तर स, श, फ ही अक्षरं आधी जातात, म्हणून नातीचं बोलणं पुन्हा विचारावं लागतं आणि मुलाचं जाडं बोलणं कळतं. हा बारकावा संहितेत नसला तरी नटाने वापरावा.

डिसेंबर १९७० मध्ये 'नटसम्राट' पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. १९४९ मध्ये न्यूयॉर्कला आर्थर मिलरचा ६३ वर्षांचा फिरता विक्रेता विली लोमन उभा करणारा ली जे. कॉब ३७ वर्षांचा होता. वय नसलं तरी चालतं.

प्रश्न : 'शारदा'तले काही प्रवेश बसवतोय. भुजंगनाथाला किती विनोदी करावं? (फोंडा, गोवा)

गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ च्या या नाटकात भुजंगनाथ हा श्रीमंत म्हातारा कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघालाय. त्याला विनोदी करायचं नाही, त्याला प्रामाणिकपणे तरुण वाटू द्यायचं. हसणं आपोआप येतं, आणि त्या हसण्याखाली भीतीही येते. शारदेचं आयुष्य पणाला लागलंय, हे विसरून त्याला विदूषक केलं तर नाटकाचा कणाच मोडतो.

त्याची थट्टा करणारं 'म्हातारा इतुका न' हे पद नटाने भूमिकेची यादी म्हणून वाचावं. पाऊणशे वयमान, पडलेले दात, बहिरे कान, रुसलेले डोळे, 'नन्ना' म्हणत हलणारी मान, तुरळक रुपेरी केस, कमानीसारखी कंबर, काठीवाचून पायांना नेट नाही, सगळं त्यात आहे. आणि शेवटी सगळ्यात मोलाची सूचना : उसनी ऐट. तालमीत आधी आठ दिवस ही ऐट न आणता नुसतं थकलेलं शरीर बसवा. ते अंगात भिनलं की त्यावर ऐट चढवा. चार पावलं ताठ, पाचव्याला कंबर आठवते. आधी ऐट आणि नंतर म्हातारपण असा क्रम घेतला तर खाली काहीच नसतं, नुसती नक्कल उरते.

केसांच्या कलपाला इटालियन नाटककार पिरांदेल्लोची युक्ती वापरा. त्याच्या १९२२ साली रंगमंचावर आलेल्या 'हेन्री चौथा'चा नायक घोड्यावरून पडल्यानंतर स्वतःला मध्ययुगीन सम्राट समजू लागला आणि बरा झाल्यावरही तेच सोंग वठवत राहिला. रंगसूचना सांगते की त्याचे केस मागून पांढरे झालेत, कपाळाशी आणि कानशिलांवर मात्र उघड कळेल असा सोनेरी रंग लावलाय, आणि गालांवर बाहुलीसारखी लाली आहे. म्हणजे आरशात दिसतं तेवढंच रंगवलेलं. भुजंगनाथालाही कलप समोरून कुळकुळीत द्या, मानेकडे रुपेरी केस तसेच ठेवा, आणि तो एकदा तरी प्रेक्षकांकडे पाठ करील असं बसवा.

प्रश्न : नाटकात आजोबांना सारखं जुनं दिसतं. आत्ताचं आणि मागचं एकाच सेटवर आहे. आमच्याकडे १२ डिमर (दिव्यांचा उजेड कमीजास्त करणारे) आहेत. दर वेळी निळा प्रकाश आणि धूर टाकतो, तरी प्रेक्षक गोंधळतात. (नाशिक)

निळा प्रकाश आणि धूर हे 'आता स्वप्न सुरू' अशी पाटी लावण्यासारखं आहे. आजोबांना ते स्वप्न वाटत नाही, त्यांना ते समोर घडताना दिसतं. गोंधळ होतो तो भास कच्चा म्हणून नाही. तुमचं वास्तव कच्चं आहे. पहिल्या दहा मिनिटांत घर पक्कं उभं राहिलं नसेल, कोणतं दार कुठे उघडतं, नळ कुठे आहे हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलं नसेल, तर जमीन सरकली तरी त्याला कळणार कसं?

यासाठी मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' अभ्यासा. नोकरीत थकलेला विली लोमन आत्ताच्या स्वयंपाकघरात बसून पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या मुलांशी बोलतो. त्याचा नेपथ्यकार जो मील्झिनर याने घराचा नुसता सांगाडा उभा केला होता, भिंती काल्पनिक. नियम एकच : आत्ताच्या प्रसंगात सगळे भिंतींच्या रेषा पाळतात आणि दारातूनच ये-जा करतात, भूतकाळात पात्रं सरळ भिंतीतून चालत पुढे येतात. मागच्या काळासाठी घरावर पानांच्या सावल्या पडतात. या नियमाला एक पैसा खर्च नाही.

तुमच्यासाठी असं करा. जमिनीवर भिंतींच्या जागी रंगाच्या पट्ट्या मारा आणि तालमीत पहिल्या दिवसापासून कुणालाही पट्टी ओलांडू देऊ नका. ओलांडायचा अधिकार फक्त भासातल्या पात्रांना. मग प्रकाश. रंग बदलू नका, दिशा बदला. आत्ताचं घर समोरच्या, ४५ अंशांतून येणाऱ्या उबदार प्रकाशात, त्याला सहा डिमर. भासात समोरचे दिवे ३० टक्क्यांवर आणा आणि विंगेतून डोक्याच्या उंचीचे आडवे दिवे चढवा, त्यांना चार डिमर. चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते, तेवढ्याने जग बदलतं. उरलेले दोन डिमर खिडकी आणि देव्हाऱ्याला. देव्हाऱ्याचा दिवा दोन्ही काळांत तसाच ठेवा.

आवाजाचा उपाय अनेकांना सुचत नाही. घरात सतत एक बारीक आवाज ठेवा : जुना पंखा कुरकुरतो किंवा नळ गळतो. भास सुरू होताना हा आवाज बंद होतो. काही नवं वाजवण्यापेक्षा असलेलं काढून घेणं जास्त परिणाम करतं. प्रेक्षकाला कळत नाही काय झालं, पण कान टवकारले जातात. भास संपला की आवाज परत.

बदल शिकवावा लागतो. पहिले दोन बदल सावकाश, पाच-सहा सेकंदांचे, पट्टी, प्रकाश, आवाज तिन्ही खुणांनी. तिसऱ्याला दोन खुणा पुरे. पाचव्यापर्यंत आजोबांची नुसती नजर हलली तरी प्रेक्षक बरोबर जातो. आणि शेवटच्या भागात एकदाच नियम मोडा : भासातलं पात्र दारातून आत येऊ दे, पंखा चालूच राहू दे. त्या क्षणी आजोबांना जे होतं ते प्रेक्षकालाही होतं. पण हे एकदाच. दोनदा केलंत तर नियमच उरत नाही.

फ्रेंच नाटककार फ्लोरियाँ झेलेरच्या २०१२ मधल्या 'ल पेअर' या नाटकात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाच्या घरातलं सामान एकेका प्रसंगानंतर कमी होत जातं, आणि एकच नातेवाईक म्हणून वेगळा चेहरा समोर येतो. तुमच्या सेटवरही अंधारात दर वेळी एकच वस्तू काढून बघा, आधी घड्याळ, मग तसबीर. काढणाऱ्याला कापडी चपला द्या आणि प्रत्येक वस्तूची जागा क्यू शीटवर (प्रयोगातल्या बदलांच्या यादीवर) लिहा. एक वस्तू चुकून परत आली तर सगळा खेळ बिघडतो.

प्रश्न : 'नटसम्राट'मधली स्वगतं स्पर्धेसाठी घेतोय. आप्पासाहेब वेडे झालेत की अभिनय करतात, हे नटाने कसं ठरवावं? (बडोदा)

वि. वा. शिरवाडकरांचे आप्पासाहेब, म्हणजे गणपतराव बेलवलकर, आयुष्यभर राजे-महाराजे रंगवून निवृत्त झाले. त्यांनी संपत्ती मुलाबाळांना वाटली, आणि दोन्ही घरांतून अपमान होऊन, पत्नी कावेरीला गमावून रस्त्यावर आले. मागे शेक्सपियरचा लिअर उभा आहे. पण लिअर राजा होता, हा माणूस राजा 'असायचा', रोज रात्री तीन तास. फरक लक्षात ठेवा, भूमिकेची सगळी नाडी तिथे आहे.

एकच उत्तर पूर्ण नाटकाला लावू नका. संहितेवर तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. पहिला रंग, जिथे ते मौजेने जुनी भूमिका काढतात आणि आपण घरात आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. दुसरा, जिथे स्वतःचे शब्द अपुरे पडतात म्हणून भूमिकेचे शब्द उसने घेतात. तिसरा, जिथे भूमिकाच त्यांना ओढून नेते. तिन्हींच्या खुणा नटाच्या शरीरात हव्यात. पहिल्यात नजर समोरच्या माणसावर, आणि कुणी मध्ये बोललं तर ते थांबतात. दुसऱ्यात नजर माणसावर असते पण मध्ये बोललेलं उशिरा ऐकू येतं. तिसऱ्यात नजर प्रेक्षागृहाच्या वरच्या रांगेच्याही पुढे, आणि मध्ये बोललेलं पोचतच नाही. नव्वद टक्के नट पहिल्या अंकातच तिसरा रंग वापरून टाकतात. मग शेवटी, जिथे भूमिकांची नावं आणि स्वतःचं नाव एकमेकांत मिसळतं, तिथे जायला जागाच राहत नाही.

घर मागणाऱ्या त्या प्रसिद्ध स्वगतात तुमच्यापुढे वेगळीच अडचण आहे. प्रेक्षकांना ते पाठ आहे. टाळीसाठी म्हटलंत तर मिळेल, पण म्हातारा निसटेल. ते भाषण म्हणून म्हणू नका, मागणं म्हणून मागा. समोर खरी माणसं आहेत असं धरून एकाकडे बघून विचारा आणि उत्तरासाठी दोन सेकंद खरोखर थांबा. उत्तर येत नाही, म्हणून पुढचं वाक्य निघतं. या जागी स्पॉटलाइट मारू नका. स्पॉट सांगतो की मोठा नट आता सुरू करतोय, आणि इथे तर एका माणसाला डोक्यावर छप्पर हवंय. रस्त्यावरच्या दिव्यासारखा वरून एक उभा प्रकाश, चेहरा अर्धा सावलीत गेला तरी जाऊ द्या.

प्रश्न : आमची नायिका वय लपवते. शेवटी मित्र दिवा उघडा करतो आणि खरं वय दिसतं. मध्ये मेकअप बदलायला वेळ नाही. (पुणे)

या जागेचा वस्तुपाठ टेनेसी विल्यम्सच्या १९४७ च्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'मध्ये आहे. नायिका ब्लांश तिचा मित्र मिच याच्याकडून उघड्या बल्बवर कागदी कंदील चढवून घेते आणि नंतर मिचच तो फाडून तिचा चेहरा उजेडात धरतो. ती जेमतेम तिशीची आहे. तेव्हा तुमच्या नायिकेलाही सुरकुत्यांचं जाळं नको, दोन-तीन खुणा पुरेत.

मेकअप तोच ठेवून प्रकाश बदला. समोरून पसरलेला, मऊ, उबदार प्रकाश खोलगट भाग भरून काढतो आणि चेहरा तरुण दिसतो. एकाच बाजूने येणारा कडक पांढरा प्रकाश प्रत्येक घडीची सावली पाडतो. एवढ्यावर भागत नसेल तर लाल रंगाची जुनी युक्ती करा. डोळ्यांखालच्या आणि ओठांच्या कडेच्या घड्या ब्राऊनऐवजी लाल रंगाने काढा. लालसर प्रकाशात कातडीही लाल परत पाठवते आणि रेघही, म्हणून रेघ दिसत नाही. लाल कमी करून हिरवा-निळा वाढवला की रेघेकडे परत पाठवायला काही उरत नाही, ती गडद होते. एलईडी पारवर (रंग बदलता येणाऱ्या दिव्यावर) हे सोपं आहे. आधी नायिकेच्या हातावर लाल, गुलाबी, विटकरी असे तीन पट्टे ओढून दोन्ही प्रकाशांत बघा आणि जो पूर्ण लपतो तो घ्या. नंतरच्या प्रकाशात लाल पूर्ण शून्य करू नका, चेहरा प्रेतासारखा होईल. पाव भाग ठेवा. लाल लिपस्टिक आणि लाल पदरही काळपट दिसतील, म्हणून ते रंग आधीच टाळा.

कंदील फाटतो त्या क्षणी बदल झटक्यात हवा, सावकाश नको. बल्ब डिमरवर असेल तर डिमरवर चालणाराच एलईडी आणा, साधा लुकलुकतो. कागदाजवळ तापणारा पिवळा बल्ब अजिबात नको.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं नाटक आहे. सगळे नट ६५ ते ७८ वयाचे. दोघांना तरुणपणाचे प्रवेशही करायचे आहेत. (डोंबिवली)

तरुण दिसण्याचा मेकअप करूच नका. जाड बेसने सुरकुत्या अधिक उठतात. बालगंधर्व उतारवयातही स्त्रीभूमिका करत होते आणि प्रेक्षक त्या स्वीकारत होते, कारण तो संकेत सगळ्यांना मान्य होता. तुम्हीही संकेत ठरवा : चष्मा काढला, शाल खाली ठेवली की पंचविशी. पुन्हा चष्मा लावला की आज. प्रेक्षक एका मिनिटात शिकतो. आणि खरं वय असलेला माणूस तरुण प्रेमपत्र वाचतो तेव्हा जे होतं ते कोणत्याही टोपाने होत नाही.

काळजी बाकीच्या गोष्टींची घ्या. पूर्ण अंधार करू नका, वाढत्या वयात डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. अंधारात निळा दिवा दहा टक्क्यांवर राहू द्या. लेव्हलच्या कडांना पांढरी पट्टी, विंगेत प्रत्येक बाजूला हात द्यायला एक माणूस. तालीम सकाळी, दीड तास, मध्ये पाणी. संहिता १८ च्या टाइपात, एकाच बाजूला छापलेली. वाक्यं कृतीला बांधा : कप उचलला की हे वाक्य, खिडकी लावली की ते. हात हलला की शब्द आठवतात. वर्तमानपत्र, पत्र, डायरी यांत अवघड वाक्यं चिकटवून ठेवायला हरकत नाही. प्रॉम्प्टर ज्याच्या त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसवा आणि त्याला सांगा की शब्द द्यायचा तो वाक्यातला पहिला, अडलेला नव्हे.

प्रश्न : स्पिरिट गम काढताना कातडी सोलवटते. (सांगली)

मिशी ओढून काढताय म्हणून. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट गम रिमूव्हर घेऊन कडेने भिजवा, अर्धं मिनिट थांबा, सुटेल तेवढीच उचला, मग पुढची कड. डोळ्यांजवळ रिमूव्हर नको, तिथे खोबरेल तेल लावून पाच मिनिटं ठेवा. क्रीमचा मेकअपही आधी तेलाने सोडवून पुसा, मग साबण. एकाच दिवशी दोन प्रयोग असतील तर मध्ये मिशी काढू नका, कडा तेवढ्या पुन्हा चिकटवा.